पासवर्ड आहे, पण डिस्क मरतेय

आजचा रविवार सातपूर एमआयडीसीत, मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेला. लिनक्स सर्व्हरची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागलेली, वर लक्सचं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा पासवर्डने कुलूपबंद करायची लिनक्सची पद्धत. मित्राचं एकच पालुपद, "अरे, पासवर्ड आहे ना, मग उघड की!"

तिथंच तर गोम आहे. पासवर्डने थेट डेटा उघडत नाही. त्याने उघडते ती डिस्कच्या सुरुवातीला हेडरमध्ये (कुलपाची माहिती असलेल्या भागात) ठेवलेली मास्टर की, आणि तिने डेटा. ही की मुद्दाम ४००० पट फुगवून, विखरून लिहिलेली असते, म्हणजे पुसायची वेळ आली तर थोडा भाग पुसला तरी पुरे. पण त्यामुळेच तिथला एखादा सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) गेला की तो पासवर्ड निकामी. बाकी ठिकाणचा खराब सेक्टर सहसा स्वतःपुरतंच नुकसान करतो.

म्हणून अशा डिस्कवर एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून तिच्यावरच दुरुस्त्या लिहिणारं टूल, चालवायचं नाही. (व्हिडिओ बघून आलेल्या त्याच्या भाच्याला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं.) आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या टूलने नव्या डिस्कवर प्रत. ते सोपे भाग आधी उचलतं, अडलेले नंतर खरवडतं. कुठला भाग वाचून झाला याची नोंद ठेवणारी मॅपफाइल असली की मध्येच थांबवूनही पुढे चालू करता येतं. मग लक्सचं कुलूप उघडणारं क्रिप्टसेटअप, तेही प्रतीवर, रीड-ओन्ली (काही न लिहिता).

हेडर शाबूत निघालं! हिशेब सगळे आले, काही ड्रॉइंग गेली. लगेच हेडरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला. लक्स२ मध्ये, म्हणजे लक्सच्या नव्या आवृत्तीत, तो जेमतेम १६ एमबी. पासवर्ड बदलला तरी जुन्या बॅकअपला जुना चालतो, म्हणून तो कुलपात ठेवायला सांगितलंय. मित्राने पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला.