पेन्शन, परसबाग आणि आमचे हवालदार

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. १७ वर्षं सर्व्हिस. गावाला वाटतं फौजी घरी आला, कॅन्टीन कार्ड आहे, पेन्शन आहे, आता काय मजाच. आमच्या सातारा जिल्ह्यात गल्लीगल्लीत फौजी, त्यामुळे पेन्शनवर येण्याचं कुणाला काही वाटतच नाही, पण आल्यावर त्या माणसानं दिवसभर करायचं काय? बँकेत गनमॅन नाहीतर पुण्यात कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी, बास.

तुम्ही म्हणाल शेती आहे की. आहे ना, पण ती इतकी वर्षं दिरांनी केलीय. ऊस कधी तोडायचा, मोटर कधी लावायची, सोसायटीचं कर्ज किती उचलायचं, सगळं त्यांच्या हातात, आणि त्यात काही चूक पण नाही, राबलेत ते. मग हे बांधावर जाऊन सल्ले देणार, दीर गप्प बसणार आणि संध्याकाळी जाऊबाई माझ्याशी बोलणार नाहीत. शेतावरून आले की मोर्चा माझ्या स्वयंपाकघराकडं. डबे उंचीप्रमाणे लावले, पोरांना पहाटे पाचला फॉलिन, म्हणजे रांगेत उभं. एवढी वर्षं घर मी एकटीनं चालवलं आणि आता मलाच रिपोर्ट द्यायला लागायचा!

घरामागं थोडी मुरमाड जागा पडून होती, जुने पत्रे, गाजरगवत, दगड. तिच्यावर कुणाचाच दावा नव्हता, हे महत्त्वाचं. हे लेहला असताना तिथं लोक जमिनीत चर खणून वर प्लास्टिक टाकतात आणि थंडीतही पालेभाजी काढतात ते बघितलेलं, डीआरडीओची डिहार म्हणून प्रयोगशाळाच आहे तिथं, उंचावर काय उगवतं यावर काम करणारी. टिनमधलं खाऊन कंटाळलेल्या पोरांना ताजा पालक मिळाला की काय व्हायचं हे सांगताना यांचा चेहरा बघण्यासारखा असतो (बाकी तिथलं फारसं सांगत नाहीत). म्हणून पहिला वाफा पालकाचा. मग शेणखत, गादीवाफ्यावर वांग्याची रोपं, दोडक्याला तारेचा मांडव. वांगी दोरी लावून, दोन रोपांत दोन फूट, एक रोप बाहेर दिसेल तर शपथ.

खरा फरक मात्र भाजीनं पडला नाही, माणसांनी पडला. आधी कट्ट्यावर गेले की तेच, बॉर्डरवर काय व्हायचं, गोळी चालवली का. हे उठून यायचे. आता शेजारच्या आक्का विचारत येतात, भाऊ, वांग्याचे शेंडे माना टाकायला लागलेत, काय करू. मग हे तासभर बोलतात, अळी शेंड्यात शिरलीय, शेंडा खालून कापा, तिथंच टाकू नका, पुरून टाका, कामगंध सापळा, म्हणजे वासानं नर पतंग अडकवणारा सापळा, लावा. वर रोपं फुकट. फौजेबाहेरच्या माणसाशी भांडण न करता एवढं बोलताना मी यांना पहिल्यांदाच बघितलं. दीरसुद्धा येऊन मिरचीची रोपं घेऊन गेले, सल्ला न मागता, पण गेले.

वांगी म्हणजे औषध नव्हे हेही सांगते. रात्री दोनला उठून कडी बघणं अजून आहे, दिवाळीत फटाके सुरू झाले की हे घराच्या आतल्या खोलीत. ज्यांच्या घरी याहून जास्त आहे त्यांनी लाज न बाळगता टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फौजींसाठी त्यांचा वेगळा सेल २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला.

आणि मोठ्या प्रमाणावर हेच काम करणारे माजी सैनिक पण आहेत. टेरिटोरियल आर्मीची पहिली इको बटालियन १९८२ मध्ये उभी राहिली, खाणींनी उघडे पडलेले मसुरीचे डोंगर त्यांनी झाडं लावून झाकले. आपल्याकडं मराठवाड्यात २०१७ पासून १३६ इको बटालियन आहे. यांना त्याची माहिती कळल्यापासून घरात चर्चा चालू आहे. मी म्हटलं जायचं तर जा, पण मग पाणी कोण घालणार, मी नाही.

आमच्या गल्लीतला एक फौजी, नायक हुद्द्याचा, यंदा पेन्शनवर येतोय. त्याच्या बायकोला मी आत्ताच सांगून ठेवलंय, तो यायच्या आधी परसातला एक तुकडा साफ करून ठेव, आणि डबे कसेही लावलेले असू देत, त्याला हात लावू देऊ नको.