भर उन्हात डोंगर चढलो
आज नागपूरच्या उन्हानं जीव काढला, बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, मग कूलर फुल सोडला आन् भाचीसोबत सेलेस्ट नावाचा व्हिडिओ गेम खेळत बसलो. दिसायला जुन्या कॅसेटवाल्या गेमसारखा, मोठे मोठे पिक्सेल, पण आहे २०१८ चा, आणि त्याचं पहिलं छोटं रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी २०१५ मध्ये चार दिवसांत बनवलं होतं! मॅडेलिन नावाची पोरगी डोंगर चढते, बस. हवेत डॅश, म्हणजे झपकन एक झेप, मारला की तिचे लाल केस निळे होतात, पाय टेकले की परत लाल, म्हणजे डॅश उरला का नाही ते तिच्याकडे पाहूनच समजते, काय डोकं लावलंय राव. आणि कड्यावरून पाय सुटल्यावरही अगदी जरासा वेळ उडीचं बटण चालते, हे मुद्दाम ठेवलंय बरं का, खेळणाऱ्यावर जीव असल्याशिवाय कोणी असं करत नाही.
भाची म्हणे, "मामा, द्या इकडे, मला जमते हे," आणि काट्यांची ती अख्खी भिंत पार केली तिनं, काय ओरडली बाप्पा!
गेमला लीना रेनचं संगीत आहे, ते हेडफोन लावूनच ऐका. कठीण गेलं तर असिस्ट मोडमध्ये, म्हणजे गेम सोपा करायच्या सेटिंगमध्ये, स्पीड कमी करा, खुशाल खेळा, पण खेळा.