फ्युएल ट्रिम बघून एमएएफ टेबल दुरुस्त करताना: माझा अनुभव

एमएएफ सेन्सर इंजिनात जाणारी हवा मोजतो; त्याच्या कुठल्या सिग्नलला किती हवा धरायची हे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एमएएफ टेबलात बघतो. या सेन्सरची नळी मोठ्या व्यासाची बसवली की सेन्सरसमोरून हवा आधीपेक्षा संथ जाते. इंजिनात हवा तेवढीच जात असते, पण सेन्सर ती कमी मोजतो. ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल कमी देतो आणि मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. माझ्या गाडीत इनटेक बदलल्यावर हेच झालं. चालवताना मात्र काही कळत नाही, कारण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन ओळखणारा ओटू सेन्सर बघून ईसीयू कमी पडलेलं पेट्रोल वाढवून देत असतो. ही जी टक्केवारीतली भर किंवा कपात, तोच फ्युएल ट्रिम. खरी अडचण फुल थ्रॉटलला आहे. तिथे बहुतेक ईसीयू ओपन लूपमध्ये जातात, म्हणजे ओटू सेन्सर बघून दुरुस्ती करणं सोडतात; एसटीएफटी (शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम) थांबतो आणि टेबलातली चूक सरळ सिलिंडरपर्यंत पोचते. जास्त लोडवर लीन म्हणजे नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटून बसणारे ठोके) आणि वितळलेले पिस्टन. म्हणून क्रूझिंगला ट्रिम निभावून नेतोय यावर समाधान मानू नये.

एसटीएफटी क्षणाक्षणाला हलतो. एलटीएफटी (लाँग टर्म फ्युएल ट्रिम) त्याची सरासरी शिकून साठवतो. वाचायची दोघांची बेरीज. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, म्हणजे टेबल हवा कमी दाखवतंय. वजा असेल तर उलट. बेरीज ±५ टक्क्यांत असेल तर मी टेबलाला हात लावत नाही, आणि ±१० च्या बाहेर गेली तर टेबलाआधी गाडी तपासतो.

ही तपासणी टाळली तर पुढचं सगळं फुकट जातं, कारण ट्रिम फक्त किती हे सांगतो, का ते सांगत नाही. आयडलला +१२ आणि २,५०० आरपीएमला +२ असा आकडा दिसला तर एमएएफनंतर कुठेतरी हवा ओढली जातेय. गळतीची हवा जवळपास ठरावीक असते, त्यामुळे एकूण हवा वाढली की तिचा वाटा घटतो. (एमएएफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत ही खूण नीट दिसत नाही, कारण गळतीची हवाही मॅनिफोल्डच्या दाबात धरली जाते.) लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर फ्युएल प्रेशर मोजायचं, फिल्टर आणि पंप बघायचा. ओटू सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गॅस्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत येते आणि सेन्सर खोटं लीन दाखवतो. मिसफायरचंही तेच: न जळलेलं पेट्रोल सेन्सरला कळत नाही, उरलेला ऑक्सिजन कळतो. या दोषांवर टेबल वाढवून पांघरूण घातलं, तर दोष दुरुस्त झाल्यावर गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालते.

लॉगमध्ये मोजक्याच गोष्टी घ्याव्यात: आरपीएम, एमएएफची फ्रिक्वेन्सी किंवा व्होल्टेज, एसटीएफटी, एलटीएफटी, कूलंट तापमान, थ्रॉटल आणि लूपची स्थिती (ओपन, की ओटू सेन्सर बघून चालणारा क्लोज्ड). साध्या ओबीडी अडॅप्टरवर यादी लांबली की प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि ट्रिम टेबलाच्या भलत्याच सेलमध्ये (चौकटीत) जाऊन बसतो. ट्यूनिंग सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर मी लॉगपुरता एलटीएफटी बंद करतो. ईसीयूचे एलटीएफटीचे कप्पे मोठे असतात. एकाच कप्प्यात एमएएफ टेबलाचे कितीतरी बिंदू येतात आणि चूक सगळ्यांवर सारखी पसरून दिसते. एकटा एसटीएफटी बघितला की कुठला बिंदू चुकलाय ते नेमकं कळतं. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही तेवढ्यापुरता बंद, नाहीतर ती वाफ ट्रिमला वजाकडे ओढते. काम झालं की दोन्ही पुन्हा चालू करायचं.

कूलंट ८० अंशांच्या वर गेल्याशिवायचा लॉग टाकून द्यायचा. थ्रॉटल झपकन हलवल्यानंतरचा भागही टाकायचा, कारण तेव्हा पोर्टच्या भिंतीवरची पेट्रोलची पातळ फिल्म बदलत असते आणि तो परिणाम एमएएफच्या नावावर जमा होतो. उतारावर गिअरमध्ये पाय काढल्यावर इंजेक्टर बंदच असतात. तिथला ट्रिम निरर्थक. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल हळूहळू वाढवत जाणं सर्वांत उपयोगी. एका सेलमध्ये ५० पेक्षा कमी नोंदी असतील तर तो आकडा मी वापरत नाही. गाडी चालवताना लॅपटॉपकडे बघायचं नाही. लॉग नंतर वाचता येतो.

गणित सोपं आहे. एखाद्या बिंदूवर टेबल ४२ ग्रॅम प्रति सेकंद म्हणतंय आणि एकूण ट्रिम +८ टक्के आहे, तर ४२ × १.०८ = ४५.४. पण प्रत्येक आकडा असा कोरडा भरला तर वक्र दातेरी होतो. शेजारी +३ आणि +४ असताना मधेच +९ आला तर तो बहुधा गोंगाट आहे. तिथे शेजाऱ्यांच्या मेळाने +४ धरायचा. नवं टेबल ईसीयूत फ्लॅश करायचं (लिहायचं), जुना एलटीएफटी पुसायचा, पुन्हा लॉग घ्यायचा. ±३ च्या आत आलं की थांबावं. त्यापुढे पाठलाग करणं म्हणजे हवामानाशी भांडण.

इंजेक्टरही बदलले असतील तर आधी त्यांचा हिशेब मिटवायचा. सगळ्या लोडवर ट्रिम साधारण सारखाच चुकत असेल तर इंजेक्टरचा फ्लो आकडा चुकलाय. आयडलला चूक मोठी आणि वर जाताना विरत असेल, आणि हवेची गळती नसेल, तर डेड टाइम (सिग्नल मिळाल्यावर इंजेक्टर उघडायला लागणारा उशीर) बघा: ०.१ मिलिसेकंदाची चूक २ मिलिसेकंदांच्या पल्सवर ५ टक्के होते, १० मिलिसेकंदांवर फक्त १. हे एमएएफ टेबलात दुरुस्त केलं तर आयडल सुधारतं, पण लोडचा हिशेब बिघडतो आणि त्यावर चालणारं इग्निशन टायमिंगही हलतं.

टेबलाच्या वरच्या, फुल थ्रॉटलच्या भागासाठी वाइडबँड ओटू सेन्सर हवाच. नॅरोबँड सेन्सर लॅम्बडा १ (पेट्रोल पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा; त्याखाली रिच) च्या आसपासच खरं बोलतो, ०.८५ आणि ०.८९ मधला फरक त्याला सांगता येत नाही. क्लोज्ड लूपमधल्या शेवटच्या बिंदूंचा कल मी आधी वरच्या बिंदूंपर्यंत नेतो, म्हणजे मधे पायरी राहत नाही. मग छोटे पुल (फुल थ्रॉटलच्या थोडक्या धावा) घेऊन मोजलेला लॅम्बडा भागिले मागितलेला लॅम्बडा: ०.८९ ÷ ०.८५ = १.०४७, म्हणजे त्या बिंदूवर ४.७ टक्के वाढ. काही ईसीयू शिकलेला अधिक एलटीएफटी फुल थ्रॉटललाही जोडतात. अशा गाडीत क्रूझिंगचा ट्रिम शून्याच्या किंचित खाली, −१ ते −२ वर ठेवलेला बरा, म्हणजे वरचं मिश्रण रोज बदलत नाही.

पूर्ण काम एकाच प्रकारच्या पेट्रोलवर करावं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, तर १० टक्के इथेनॉलवाल्याचं सुमारे १४.१; टाकीत पहिल्याऐवजी दुसरं भरलं की सगळेच सेल साधारण ४ टक्के अधिककडे सरकतात. सगळं एकाच मापाने सरकलेलं दिसलं तर एमएएफ टेबल जसंच्या तसं सोडायचं आणि ईसीयूमधला प्रमाणाचा आकडा बदलायचा.