हत्तरगीच्या पुढं 'खनिज कंपोस्ट' आणायला निघालाय? आधी हे वाचा

खानापूरकडनं कुणी हुक्केरी बाजूला ते 'खनिज कंपोस्ट', म्हणजे खडी क्रशरच्या डस्टचं (दगडाच्या भुकटीचं) खत आणायला जायच्या तयारीत असेल तर गाडी काढू नका, स्पष्टच सांगतो. मी जाऊन आलोय, कंबर अजून धरलीय आणि डोकं त्याहून जास्त तापलंय.

फोनवर सांगितलं होतं की बारीक डस्ट शेणात तीन महिने कुजवलीय, माल तयार आहे, टनाला २२०० रुपये, या घेऊन. कल्पना खोटी नाहीये, म्हणून तर एवढं लांब गेलो. काळ्या दगडाच्या पिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असतं, थोडं पालाशही असतं, पण ते सगळं दगडात अडकलेलं, आणि शेण कुजताना जी आम्लं तयार होतात ती त्या पिठाला हळूहळू पोखरतात. आमच्या तांबड्या रानातनं पावसानं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जातं, जमीन आम्लधर्मी होते, तिथं असा माल चालायला पाहिजे असा हिशोब होता.

बेळगाव आणि पुढं हत्तरगीच्या टोलपर्यंत हायवे आहे, त्याबद्दल काही सांगायचं नाही. टोल ओलांडून उजवीकडं आत वळलं की मात्र जीव नकोसा होतो. टिप्परनी रस्त्याला दोन चर पाडलेत, मधला उंचवटा पिकअपच्या पोटाला घासतो, वरनं घोटाभर डस्ट, खाली खड्डा आहे की दगड ते कळतच नाही. चढावर भरलेला टिप्पर समोर आला की रिकामी गाडीच मागं घ्यायला लागते आणि तेवढ्यात धुरळ्यानं आरसा दिसायचा बंद होतो. तरी जाणारच असाल तर सकाळी आठच्या आत जावा, नंतर टिप्परची रांग लागते. पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका. काच बंद आणि तोंडाला चांगला मास्क, रुमाल नको, दगडाची ती बारीक भुकटी फुफ्फुसात बसते, क्रशरवरच्या लोकांना त्यानंच सिलिकोसिस होतो.

आता रेट. तिथं पोचल्यावर २२०० चे २६०० झाले, "तो जुना भाव होता हो". त्यावर लोडिंग वेगळं, काट्याचे वेगळे, हमाली वेगळी, सगळं धरून टनाला ३४०० च्या वर. काटा पण भरल्यावरच दाखवणार, रिकाम्या गाडीचं वजन "आम्हाला माहीत आहे" म्हणे! रिकाम्या गाडीची काट्याची पावती हातात घेतल्याशिवाय एक फावडं पण भरू देऊ नका. आणि नुसती डस्ट आणणार असाल तर खाण खात्याचा परमिट गाडीसोबत पाहिजे, तो देत नसेल तर तिथनंच परत फिरा.

भाव जाऊदे, माल तरी बघू म्हटलं. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत गार. तीन महिन्यांचं कुजलेलं गार असतं हे बरोबर, पण ते काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं असतं. इथं हातात आलं हिरवट शेणाचं गोळं, आत न कुजलेला कडबा, आणि वरनं फक्त डस्ट भुरभुरलेली, चोळली की बोटावरनं नुसती रेती सुटते. म्हणजे कुजायला सुरुवातच नाही, ढीग तापलाच नाही. नीट लावलेला ढीग आठवड्यात ५५-६० अंशांवर जातो, त्यात तणाचं बी मरतं. एका कडेला डोळ्यात पाणी येईल असा अमोनियाचा वास, तिथं चुना टाकलेला. शेणात चुना घातला की नत्र वायू होऊन उडून जातं, म्हणजे ज्याचे पैसे देतोय तेच हवेत. मी काही घेतलं नाही, डिझेल गेलं ते गेलं.

येताना बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीत एकानं फौंड्रीची (ओतकामाच्या साच्याची) काळी वाळू फुकट न्या म्हणून आग्रह केला, खतात घाला म्हणे. नको. त्यात साच्याचं रेझिन, फिनॉल असू शकतं, खायच्या पिकाच्या रानात ते कशाला. ॲल्युमिनियमचा लाल गाळ तर लांबनंच नमस्कार, बॉक्साइटवर कॉस्टिक सोडा वापरून उरलेला तो गाळ, सामू (पीएच) १० च्या वर, शेणातले जीवाणूच मरतील. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आणि बॉयलरची राख मात्र घ्या, राख थोडीच.

घरीच करा, अवघड नाही. दहा पाट्या शेणाला एक पाटी डस्ट, ओली करूनच मिसळायची, मध्ये पालापाचोळ्याचा थर. मूठ दाबली की दोन-चार थेंब पडतील एवढं पाणी, तीन आठवड्यांनी पलटी. चुना नाही, त्याऐवजी थोडं जिप्सम, त्यानं अमोनिया धरला जातो. लेंडीखत मिळालं तर अजून चांगलं. स्फुरद पाहिजे असेल तर डस्टच्या नादाला न लागता रॉक फॉस्फेट (स्फुरदाच्या दगडाची पूड) शेणात कुजवा. त्याच पद्धतीचं तयार खत 'प्रॉम' (फॉस्फेट रिच ऑरगॅनिक मॅन्युअर) नावानं मिळतं, खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात स्फुरद किमान १०.४ टक्के पाहिजे, पोत्यावर तसं छापलेलं नसेल तर घेऊ नका.

हे सगळं आमच्या तांबड्या मातीसाठी बरं का. चिकोडी-अथणीच्या काळ्या रानवाल्यांनी यावर रुपया घालवू नये, तुमची माती त्याच काळ्या दगडाची झालीय, डस्टनं तिला नवीन काय मिळणार, आणि चुनखडीच्या रानात रॉक फॉस्फेट विरघळतच नाही. तुम्ही मळी आणि शेणखतच टाका. सामू माहीत नसेल तर शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात मातीचा नमुना देऊन या, ढीग लावायचं त्यानंतर ठरवा.