दिवसभर पिझ्झा, संध्याकाळी राजमा

पहिलेच सांगतो, मी काही मोठा फिरस्ता नाही. आर्वीकडचा कापूसवाला माणूस, बर्फ म्हटला तर एक गोळेवाल्याकडचा अन् दुसरा गारपिटीत वावरात पडून हरभऱ्याचं वाटोळं करते तो, याच्यापलीकडे आपली ओळख नाही. पण पुतण्या पुण्यात नोकरीला लागला अन् त्याच्या डोक्यात शिरलं की सगळ्यांनी गुलमर्गला स्कीइंगला जायचं. मार्च २०२५ चा पहिला आठवडा. मी, मोठा चुलतभाऊ, वहिनी अन् हा पोट्टा. श्रीनगरचे दोन दिवस छान गेले, शिकारा, फोटो, झालं.

गुलमर्गचे हॉटेलचे रेट ऐकून भाऊनं पाणी मागितलं, म्हणून मुक्काम खाली टंगमार्गला केला, १३ किलोमीटर. रोज सकाळी चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतून वर जायचं अन् संध्याकाळी खाली यायचं. राहण्याचं जमलं, खाण्याचं जमेना. एक तर आमचे फोन बंद, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मिरात चालतच नाही, पोस्टपेड एकट्या पुतण्याचं, म्हणजे चांगलं हॉटेल शोधायचं असो का पैसे पाठवायचे असो, त्याच्या मागं मागं फिरा. दुसरं म्हणजे रमजान नुकताच लागला होता अन् जायच्या आधी हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. टुरिस्टवाली मोठी हॉटेलं चालू, पण टॅक्सी स्टँडकडचे साधे ढाबे, जिथं आपल्या बजेटचं खायला भेटते, ते दिवसभर बंद.

मग पहिल्या दुपारी बसलो एका काचेच्या खिडक्यांवाल्या जागी. व्हेज थाळी ५५०. दोन वाट्या, पापड अन् पनीरचे चार तुकडे, तेही बहुतेक मोजून टाकलेले. भाऊला एक सवय आहे, तो घराबाहेरचा सगळा हिशोब कापसात करते. हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता पण तो कागदावर, आम्ही घाईत व्यापाऱ्याला दिला ६,९०० नं. भाऊ थाळीकडे पाहत म्हणे, "आठ किलो. आठ किलो कापूस खाऊन राहिलो बे आपण एकेक जण." त्याच्यानंतर माझा घास काही उतरेना. वर गोंडोलापाशी, म्हणजे तिथल्या रोपवेपाशी, मॅगी १५०, म्हणजे दोन किलोच्या वर. वहिनी म्हणे, आता मले काही खायचं असलं तर यांच्यासमोर नको.

वहिनीनं घरून तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, ठेचा अन् एक किलो तुरीची डाळ आणली होती. डाळ कशाले, तर म्हणे रूमवर वरण करू. त्या रात्री खोलीतल्या चहाच्या किटलीत डाळ टाकली. तासभर झाला, दीड तास झाला, पाणी खळखळ उकळून राहिलं अन् डाळ दाताखाली कटकट वाजते. पुतण्यानं ज्ञान दिलं की आपण २,००० मीटरच्या वर आहो, इथं पाणी १०० ला नाही, ९३ च्या आसपासच उकळते, कुकर असल्याशिवाय डाळ लवकर शिजत नसते. हे त्यानं डाळ टाकायच्या आधी सांगायला काय झालं होतं? शेवटी किटली उतू गेली, फटकन आवाज आला अन् आख्ख्या मजल्याची लाइट गेली. मॅनेजर टॉर्च घेऊन आला, आम्ही चौघं रजईत. किटलीचे ८०० रुपये भरले, भाऊनं अंधारातच हिशोब केला, साडेअकरा किलो.

आता स्कीइंगचं. ते बूट घालून चालणं म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीतून चालणं, पायाला पाच पाच किलो गारा चिकटल्यासारखा. आमचे उस्ताद पन्नाशीचे, दाढी पांढरी, गाल उन्हानं रापलेले. नवशिक्याला ते दोनच गोष्टी शिकवतात, फळ्यांची पुढची टोकं जवळ आणून मागून फाकवल्या की वेग कमी होते, त्याचं नाव पिझ्झा. अन् दोन्ही सरळ समांतर, म्हणजे फ्रेंच फ्राईज. आता सकाळी चहा-बिस्किटावर निघालेल्या माणसाच्या कानात दिवसभर कोणी "पिझ्झा! साहब पिझ्झा बनाओ!" ओरडत असलं तर त्याचं काय होत असन विचार करा. भाऊचा पिझ्झा शेवटपर्यंत झाला नाही, तो फ्रेंच फ्राईजवरच थेट एका स्लेजवाल्याच्या अंगावर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फावरच बसलो, वहिनीनं पुऱ्यांचा डबा उघडला अन् आपल्या सवयीनं पहिले उस्तादांसमोर धरला. घ्या ना भाऊ. त्यांनी छातीवर हात ठेवला, "रोज़ा है, बहनजी." सकाळपासून हा माणूस आम्हाला बर्फातून उचलून उचलून उभं करत होता, पडलेल्या काठ्या आणून देत होता, अन् पाण्याचा घोटही नाही! भाऊनं तोंडातली पुरी चावायचीच थांबवली. वहिनी डबा झाकायला लागली तर ते म्हणाले, खाइए खाइए, आपको ताकत चाहिए, अन् मुद्दाम पाठ फिरवून पुतण्याचे बूट बघत बसले. मला आमची आठ दिवसांपूर्वीचीच महाशिवरात्र आठवली, साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वरून रताळ्याचा शिरा. एकादशी अन् दुप्पट खाशी ते आम्हीच.

जेवायचं कुठं हे मग त्यांनाच विचारलं. म्हणाले खाली टंगमार्गात ड्रायव्हर लोक जेवतात तिथं जा, पण अज़ाननंतर.

आम्ही भुकेपायी सव्वासहालाच जाऊन बसलो. अर्धं शटर उघडं, आत कांगडीचा, म्हणजे शेकायच्या निखाऱ्याच्या मडक्याचा, धूर, सात-आठ ड्रायव्हर टेबलापाशी चुपचाप. मालकानं काही न विचारता आमच्यासमोरही खजूर ठेवले अन् दुधात भिजवलेल्या सब्जाचे गिलास. भाऊनं खजूर उचलला. वहिनीनं टेबलाखालून असा पाय मारला की तो खजूर परत ताटलीत. मग आम्हीही बसलो, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. त्या दहा-बारा मिनिटांत कोणी बोललं नाही, फक्त मागं कुकरची शिट्टी. (कुकर पाहून वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं जसा किटलीत डाळ मीच टाकली होती.) अज़ान झाली, एकदम सगळे हात हलले अन् लाइट आल्यावर गावात होते तसा कल्ला.

राजमा घट्ट, दाण्याला दाणा न चिकटणारा, बोटानं दाबला तर लोणी. मोठ्या दाण्याचा भात. अन् हाक, म्हणजे तिथली पालेभाजी, सरसोचं तेल, पाणी, मीठ, अख्ख्या लाल मिरच्या, बस. भाजीला न मसाला न दाण्याचं कूट, वहिनीनं आधी नाक मुरडलं अन् नंतर रस्सा वाटी लावून प्यायली. भात दोनदा वाढला, विचारून नाही, ताटातला संपला की. बिल माणशी १४०. दोन किलो, भाऊ म्हणे, अन् हे बरोबर आहे.

पुढचे तीनही दिवस तिथंच जेवलो. दुपारचा प्रश्न सुटला नाहीच, पण सकाळीच बेकरीतून भाकरीसारख्या रोट्या घेऊन खिशात ठेवायला लागलो, १० रुपयाला एक, जवसाच्या चटणीसोबत गाडीतच खायच्या, उस्तादांसमोर नाही. नमकीन गुलाबी चहा मात्र आपल्याच्यानं झाला नाही, माफ करा.

तिसऱ्या रात्री वहिनीनं ठेच्याचा डबा तिथं नेला. ज्या ड्रायव्हरनं "हम भी मिर्च खाते हैं" म्हणून चमचाभर उचलला, तो बाहेर जाऊन तोंडात बर्फ कोंबून आला अन् आल्यावर अजून अर्धा चमचा घेतला. मालकानं डबाच ठेवून घेतला.

होळीच्या आधी घरी परत आलो, हरभरा काढायचा होता. पुतण्याचं पुढच्या वर्षीचं चालू झालं आहे. वहिनी म्हणते, जाऊ, मले काही हरकत नाही, माझा स्टीलचा डबा तिकडंच राहिला, तो आणायचा आहे.