कानाचा दडा सुटला

१६ मार्च, सोमवार

पहाटे जांभई आली आणि उजव्या कानात ‘टक्’ झालं. नऊ दिवस बसलेला दडा सुटला! उठून बसले, खात्री करायला मुद्दाम आणखी एक जांभई काढली. सुटला म्हणजे सुटलाच.

सर्दी केव्हाच गेली होती, कान मात्र मोकळा होत नव्हता. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. ती सुजून मिटली की आतली हवा कमी होत जाते, कानाचा पडदा आत ओढला जातो आणि सगळं जग उशीखालून बोलायला लागतं. स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमत राहतो. नऊ दिवस मी जास्तीत जास्त मलाच ऐकत होते. बाकीच्यांची किती आठवण येत होती ते आज कळलं.

पहिला आवाज आला बादलीचा. आईने न्हाणीघरात नळ सोडला होता. आधी खोल, घोगरा आवाज, मग हळूहळू चढत जाणारा, आणि शेवटी अगदी बारीक. धार पाण्यावर आपटते तेव्हा त्या खळखळाटात लहानमोठे सगळे स्वर मिसळलेले असतात. पाण्याच्या वर बादलीत जी मोकळी हवा उरते, ती त्यातला आपल्या उंचीला जुळणारा स्वर उचलते आणि मोठा करते. पाणी वर येतं तसा हवेचा खांब बुटका होतो आणि स्वर चढतो. बासरीवाला भोकं उघडत जातो तेव्हाही बासरीतला हवेचा खांब असाच आखूड होत जातो.

आई पाठमोरी कपडे वेगळे करत होती. बादली काठोकाठ भरायच्या जरा आधी तिने न बघता हात मागे नेऊन नळ बंद केला. मी दारातूनच विचारलं, “तुला कसं कळतं गं?”

“कळतं. बादली सांगते की.”

मग मी तिला चहूबाजूंनी हेच विचारत बसले. गरम पाणी ओततेस तेव्हा कळतं? तर म्हणाली, हो, त्याचा आवाज मऊ असतो. हे खरंच आहे. गरम आणि गार पाणी ओतल्याचा आवाज बहुतेक माणसांना डोळे मिटूनही वेगळा ओळखता येतो, फक्त आपल्याला तो ओळखता येतो हे कुणी सांगितलेलं नसतं. आज करून पाहिलं. सहापैकी सहा वेळा बरोबर. इतका आनंद झाला की सातव्यांदाही केलं.

१७ मार्च, मंगळवार

साडेचारला कोकीळ सुरू झाला. बाहेर काळोख. एक ‘कुहू’, जरा थांबून दुसरा थोडा वरच्या पट्टीत, तिसरा त्याहून वर, असं चढत चढत अगदी टोकाला गेला आणि तुटला. दोन मिनिटांनी पुन्हा खालून सुरुवात. नऊ दिवस हा ओरडत असणार आणि मी पडून होते!

आपण भाषेत ‘कोकिळेचा कंठ’ म्हणतो, पण हे गाणं असतं नराचं. काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं घाईघाईचं ‘किक्-किक्-किक्’. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, हे तर सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असतं. इतक्या लोकांनी इतकी वर्षं ऐकून त्या गाण्याचं श्रेय मात्र भलतीकडेच दिलं, याची मला फार गंमत वाटते. कुणाचं नाव घ्यायचं ते घेवोत, तो गायचा थांबत नाही.

मला सर्वांत आवडतं ते असं की वसंत आलाय हे पक्ष्यांना डोळ्यांनीच बघावं लागतं असं नाही. त्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. उजेड पिसांतून, कातडीतून, कवटीच्या पातळ हाडातून आत झिरपतो आणि दिवस मोठा होत चालल्याची वर्दी थेट मेंदूला मिळते. १९८१ मध्ये फर्नांडो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांवरचं काम प्रसिद्ध केलं, त्यात दिसलं की नराच्या मेंदूतले गाण्याचे भाग वसंतात मोठे असतात आणि गाण्याचा हंगाम संपला की लहान होतात. म्हणजे गाणं दरवर्षी डोक्यात नव्याने उगवतं. झाडाला पालवी फुटते तसंच. वाचल्यापासून हे वाक्य माझ्याजवळ आहे, आणि आज अंधारात तो आवाज ऐकताना ते पहिल्यांदा पुरतं कळलं.

१८ मार्च, बुधवार

दुपारी पाऊस आला म्हणून कपडे काढायला धावले. ऊन लख्ख. पिंपळ वाजत होता. लांब, बारीक देठांवर पानं लटकलेली, त्यामुळे हवा हलली न हलली तोच सगळं झाड सळसळतं. नवी पानं अजून तांबूस आहेत आणि इतकी कोवळी की त्यांचा आवाज होत नसावा, वाजत होती ती मागे राहिलेली जुनी. थोडा वेळ दोरीवरचे कपडे हातात धरून तिथेच उभी राहिले.

१९ मार्च, गुरुवार

भाचा आला राहायला. नऊ वर्षांचा आहे, ‘का?’ हा त्याचा लाडका शब्द. माझ्यासाठी एका माणसाचा वाद्यवृंद आहे तो.

घसा अजून खवखवतो म्हणून मी गरम पाण्यात औषधाची पूड घेते. कपात चमचा फिरवत होते, तर हा म्हणाला, “मावशी, कप गातोय.” मी म्हटलं, कप नेहमीच वाजतो. “तसा नाही. वर वर चाललाय!”

ढवळणं थांबवून चमच्याने कपाला आतून तळाशी ठोकत राहिलो. टुक, टुक, टुक, टिक, टिक... खरंच चढत होता! चांगला सप्तकभर चढला असेल. पुन्हा ढवळलं, पुन्हा खाली आला, पुन्हा चढला. पूड पडली की गरम पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे तयार होतात. बुडबुड्यांमुळे पाणी जणू मऊ, दबणारं होतं, त्यातून आवाज फार हळू जातो आणि कपातल्या पाण्याचा स्वर खाली उतरतो. बुडबुडे वर येऊन फुटत गेले की पाणी पुन्हा घट्ट आणि स्वर पुन्हा वर. फ्रँक क्रॉफर्ड नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये यावर रीतसर लेख लिहिला होता. एक मोठा माणूस कप ठोकत बसला आणि त्याने ते जगाला सांगण्यासारखं मानलं, याबद्दल मला त्याच्याविषयी माया वाटते.

औषध गार झालं. ते तसंच घेतलं आणि रिकामा कप घेऊन बसलो, कारण आता कानाला चटक लागली होती.

दुसरी गंमत त्याने शोधली, माझ्याकडे तिचं श्रेय नाही. कपाच्या काठावर चमचा मारायचा. कानाजवळ, म्हणजे कपाच्या कानाजवळ, मारला तर एक स्वर. त्याच्या बरोबर समोर मारला तर तोच. डावी-उजवीकडे मधोमध मारला तरी तोच. पण या चार जागांच्या अधेमधे, तिरक्या कोनात मारला तर स्वर किंचित वर! आम्ही खडूने काठावर आठ खुणा केल्या. खाली, वर, खाली, वर, एकही चुकली नाही.

त्याचा ‘का?’ आलाच. मी हाताच्या दोन्ही पंजांनी गोल करून दाखवला. टोला बसला की काठ एकीकडून दबतो आणि दुसरीकडून फुगतो, मग उलट. म्हणजे काठावर चार जागा जोरात हलतात आणि त्यांच्या मधल्या चार जागा जवळजवळ स्थिर असतात. कान हलणाऱ्या जागी आला तर त्याचं ओझं ओढावं लागतं, कप सावकाश थरथरतो, स्वर उतरतो. कान स्थिर जागी आला तर ओझं जाणवतच नाही.

“म्हणजे कान असल्यामुळे कपाला दोन स्वर आले?”

हो रे राजा, कान असल्यामुळेच.

घरातले सगळे कप वाजवून झाले. एकाचा आवाज बद्द आला. नीट पाहिलं तर केसाएवढी चीर. डोळ्यांना दिसायच्या आधी ती चमच्याला कळली.

२० मार्च, शुक्रवार

फ्रीजबद्दल लिहायचं आहे, कारण आजची सगळी संध्याकाळ त्यानेच घेतली.

फ्रीज जुना आहे, त्याचा ‘घूं’ आवाज कित्येक वर्षं ऐकते आहे. म्हणजे ऐकत नव्हते. आज पेटी काढून त्याच्याशी जुळवला. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातल्या पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर, काळी चारच्या बराच खाली. आणि हे असंच असायला हवं! आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. प्रत्येक फेरीत दोनदा ती यंत्रातल्या लोखंडाला खेचते, एकदा या दिशेने वाहताना, एकदा त्या. म्हणून थरथर सेकंदाला १००. पांढरी पाच येते सेकंदाला ९८ वर. ज्या देशांत विजेच्या फेऱ्या ६० असतात तिथे हा घूं १२० चा, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सातच्या जवळपास मधोमध. तिथल्या आणि इथल्या स्वयंपाकघरांचा षड्ज वेगळा.

भाचा फ्रीजला कान लावून बसला. मी त्या सुरात ‘सा’ लावला, वरच्या सप्तकात. पट्टी बरोबर लागली की फ्रीज आणि गळा एकमेकांत मिसळून जातात, जरा ढळली की मध्ये लाटा उठतात, वँव-वँव-वँव. तंबोरा लावताना याच लाटा ऐकत त्या शांत करत जायचं असतं. त्याला लाटा फार आवडल्या, त्यामुळे तो मुद्दाम बेसूर लावत राहिला. तासभर. आई आतून एकदाच म्हणाली, “अरे, कुणाला बरं नाहीये का?”

२१ मार्च, शनिवार

भाचा सकाळी गेला. घर मोठं वाटतंय.

दुपारी गाणं लावलं. या दिवसांत बसंत ऐकायचा असतोच. एरवी तो रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा राग, पण वसंत ऋतूत दिवसाच्या कुठल्याही वेळी चालतो, ही सवलत मला फार प्रेमळ वाटते. कोमल रिषभ, कोमल धैवत, दोन्ही मध्यम, आणि सगळा ओढा वरच्या षड्जाकडे. खाली उतरला तरी लगेच वर बघतो. मंगळवारचा पक्षीही तसाच चढत गेला होता. त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, माझ्या कानात तो लागला एवढंच.

नंतर विवाल्दीच्या ‘चार ऋतूं’मधला वसंत. १७२५ मध्ये छापला गेला. त्याच्या संथ भागात धनगर झाडाखाली झोपलाय, व्हायोलिनं पानांसारखी कुजबुजतात, आणि या सगळ्यात व्हियोला, व्हायोलिनचीच थोरली बहीण, पुन्हा पुन्हा दोनच ठसकेदार स्वर वाजवते. वर्षानुवर्षं मला वाटायचं, हिला इतकं कमी काम का दिलं? त्या ओळीवर संगीतकाराने स्वतः लिहून ठेवलंय की हा भुंकणारा कुत्रा आहे. इतकं नाजूक संगीत, आणि मध्ये कुत्रा, कारण खरोखरच्या दुपारी कुत्रा असतो. कळल्यापासून मी त्या भागात दुसरं काही ऐकूच शकत नाही. आज तर बाहेरचाही एक भुंकला, तालात नव्हता, पण चाललं.

२२ मार्च, रविवार

आई सकाळपासून एक चाल गुणगुणते आहे. शब्द नाहीत. दोन ओळी होतात, तिसरीच्या तोंडाशी येऊन थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून. दुपारपर्यंत ती माझ्याही डोक्यात शिरली. जर्मनमध्ये याला शब्दशः ‘कानातला किडा’ म्हणतात. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये दाखवलं होतं की अर्धवट सुटलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. अर्ध्या गाण्याचंही कदाचित तेच होत असेल. उपाय म्हणून गाणं शेवटपर्यंत म्हणून टाकावं म्हणतात, पण पुढचं येतं कुणाला! दुसरा उपाय च्युइंगम चघळण्याचा. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की चघळताना गाणं डोक्यात कमी वेळा येतं. मनातल्या मनात गातानाही आपण बोलण्याचीच यंत्रणा वापरतो, आणि जबडा दुसऱ्या कामात गुंतला की तिला जागा उरत नाही.

आईला सांगितलं. म्हणाली, “घालवायचं कशाला? कुठे टोचतंय का?”

नाही टोचत. राहू दे.

२३ मार्च, सोमवार

रात्री नऊला भाच्याचा फोन. आवाजावरून धावत आलेला.

“मावशी, आमचा फ्रीज पण तोच सा लावतो! मी आल्यावर पहिलं तेच बघितलं. तुमचाच सूर!”

मी सांगितलं की तुमची आणि आमची वीज एकाच जाळ्यातून येते, त्यामुळे त्या जाळ्यावरचे असे सगळे फ्रीज एकाच थरथरीवर चालतात. तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे आत्ता सगळ्यांच्या घरी?”

“आत्ता सगळ्यांच्या घरी.”

“थांब, मी लावतो. तू तुमच्या फ्रीजजवळ जा.”

गेले. एका कानाला फोन, दुसरा फ्रीजला टेकवलेला, उजवा, नऊ दिवस बंद होता तोच. तिकडून दोन सप्तकं वर त्याचा ‘आऽऽऽ’ आला. आधी लाटा, मग लाटा लांबत गेल्या, मग सपाट. आई दारात येऊन उभी राहिली. मी तिला हातानेच जवळ बोलावलं आणि तिनेही फ्रीजच्या दारावर तळवा ठेवला.

तेवढ्यात आमचा फ्रीज खट् करून थांबला. फोनवर तो तसाच लावून होता.