तुम्ही विचारलंत म्हणून: ती लांबलचक लेन्स घेऊ का?

गळ्यात कॅमेरा दिसला की हा प्रश्न येतोच. सोसायटीच्या गेटवर येतो, भिगवणला उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला होडीची वाट बघत चहा पिताना येतो, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर दर दिवाळीला येतो. "पोरगा क्लबकडून क्रिकेट खेळतो त्याचे फोटो काढायचेत, वर्षातून एखाद्या वेळी पक्षी, जमलंच तर ताडोबा, या सगळ्याला मिळून ती एकच १५०-६०० घेऊ का?" (म्हणजे १५० ते ६०० मिलिमीटर झूम होणारी लेन्स; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं, पण फ्रेममध्ये कमी मावतं.)

घ्या की. पण ६०० साठी घेऊ नका, १५० साठी घ्या.

हे ऐकून लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. दुकानात सगळे त्या ६०० च्या आकड्यालाच भुलतात आणि घरी आल्यावर झूमची रिंग जी शेवटपर्यंत फिरवतात ती तिथेच राहते. आता हिशोब बघा. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० लावलं तर ७० मीटरवर फ्रेममध्ये साधारण ४.२ मीटर रुंदी मावते. बाउंड्रीवरून पिचपर्यंतचं अंतर धरा साधारण एवढंच, मैदान छोटं असेल तर कमी. म्हणजे बॅटिंग करणारा पोरगा छान भरून येतो, पण त्याने बॉल ढकलला आणि पळत सुटला की संपलं, बॉल कुठे, फिल्डर कुठे, थ्रो कुठल्या एंडला, आणि तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं गवत शोधताय. १५० ला त्याच जागेवरून जवळपास १७ मीटर मावतात, रनआउट काढायचा तर तिथेच मिळतो. ताडोबात तर अजूनच गंमत, वाघ जिप्सीपासून वीस मीटरवर रस्ता ओलांडतोय आणि ६०० वर फ्रेमची रुंदी उरते १.२ मीटर. तोंड आलं तर खांदा नाही, खांदा आला तर तोंड नाही. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवाल्यांना तर तेवढंही नाही. मग गेस्टहाउसवर येऊन कार्ड बघायचं तर नुसते पट्टे.

त्यामुळे मी म्हणतो की या लेन्समध्ये पैसे मोजायचे ते रिंगचे. २०१४ च्या आसपास टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० आल्या, २०१५ ला निकॉनची २००-५००, २०१९ ला सोनीची २००-६००, आणि आपल्यासारख्यांना हा प्रकार परवडायला लागला, नाहीतर ६०० एफ ४ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) म्हणजे दहा लाखांच्या वरची गोष्ट. पण यातल्या काहींची रिंग एका हातात पूर्ण फिरतच नाही, मध्ये पकड बदलावी लागते, आणि पकड बदलेपर्यंत कॅच झालेला असतो. सोनीची मनगटाच्या एका वळणात इकडून तिकडे जाते आणि झूम करताना लेन्स लांबही होत नाही. सिग्माच्या कंटेम्पररी मॉडेलमध्ये हूड, म्हणजे पुढची गोल टोपी, धरून सरळ पुढे-मागे ढकलता येतं, हे ती वापरणाऱ्या कित्येकांना माहीतच नसतं. दुकानात गेलात तर समोरच्या बिल्डिंगवरचा कावळा काढून बघण्यापेक्षा रिंग दहा वेळा फिरवून बघा.

हे खरं कळतं उजनीच्या पाण्यावर. नदी सुरय नावाचा पक्षी आहे, पिवळी चोच, काळी टोपी, पाण्यावरून सरसर जात असतो. ६०० वर त्याला फ्रेममध्ये शोधत बसलात तर सकाळ जाईल. २०० वर ठेवायचं, पक्षी पकडायचा, फोकस लागू द्यायचा आणि मग त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत फिरवत रिंग पुढे न्यायची. तो एका जागी फडफडत थांबला आणि चोच सरळ खाली केली की बोट दाबायचं, कारण पुढच्या क्षणाला तो पाण्यात असतो. शटर १/२५०० सेकंदापेक्षा हळू नको. लेन्सचं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, सुरयला नाही. आणि होडीत ट्रायपॉड लावू नका, इंजिनची सगळी थरथर वर येते, दादांना इंजिन बंद करायला सांगा आणि होडी वाहू द्या. (रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ गेल्यावर "दादा, उडवा ना जरा" म्हणणारे पण असतात होडीत. त्यांना लेन्स कुठली घेऊ ते मी सांगत नाही.)

उजेडाचं मात्र आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत. ६०० ला ही लेन्स एफ ६.३ असते (एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी), २.८ च्या मानाने पाचपट कमी उजेड. तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० वर भागलं असतं तर इथे ८०००. क्लब क्रिकेट भर उन्हात असतं म्हणून चालून जातं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर थंडीच्या दिवसांत चारला सुरू झालेली फुटबॉल मॅच, पहिला हाफ मस्त, दुसऱ्या हाफमध्ये आयएसओ असा चढत जातो की बघवत नाही. हल्ली सॉफ्टवेअर त्यामुळे येणारा नॉइज (फोटोतले दाणे) बऱ्यापैकी काढतं, पण चेहरा प्लॅस्टिकचा होतो. आणि गावात रात्री लाइट लावून कबड्डी असेल तर ही लेन्स घरीच ठेवा, ८५ एफ १.८ घेऊन मॅटच्या कोपऱ्याजवळ मांडी घालून बसा, खर्च कमी आणि फोटो चांगले.

क्रिकेटला बसायचं कुठे हे कुणी विचारत नाही, पण लेन्सपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं. पोरगा उजव्या हाताने खेळत असेल तर ऑफ साइडला बसा, पॉइंट-कव्हरच्या मागे बाउंड्रीबाहेर, त्याचं तोंड तिकडे असतं. लेग साइडला बसून वर्षभर पाठीचे फोटो काढणारे बाबा मी बघितलेत, आणि पाठीमागे ओळीने लावलेल्या बाइक. जमिनीवर बसा, म्हणजे मागे दूरची झाडं येतात आणि ती आपोआप धूसर होतात.

अजून एक, उन्हाळ्यात दहा वाजले की लांबचे फोटो मऊ यायला लागतात, जणू सगळं पाण्यातून बघतोय. लोक लेन्स सर्व्हिसला टाकतात. लेन्स ठीक असते हो, जमीन तापलेली असते आणि मधली हवा हलत असते, त्याला दोन लाखांची काय नि दहा लाखांची काय, सगळ्या सारख्याच. जवळ जाता येत नसेल तर सरळ नाश्त्याला जा.

सेकंडहँड मिळत असेल तर आधी ती बघा, या लेन्स लोक हौसेने घेतात आणि दोन किलो वजन पेलवेना म्हणून विकतात, त्यामुळे कित्येक फार वापरलेल्या नसतात. फक्त मुंबई-कोकणातली असेल तर मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च आत मारा आणि तिरकं बघा, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस आहे, कितीही स्वस्त देत असला तरी सोडून द्या. आणि फोकस रिंग फिरवताना करकर आवाज येतो का तेही ऐका.